गिअर सुटतोय? वॉरंटीत दुरुस्तीसाठी आधी हे करा

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि दुचाकीच्या सर्व्हिसिंगची तारीख हुकते. वॉरंटी नाकारायला एवढे कारण पुरते. म्हणून रस्ता बंद असल्याचे सर्व्हिस सेंटरला मुदतीआधीच लेखी कळवा.

गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल, तर बाहेरच्या मेकॅनिककडून इंजिन उघडू नका. तक्रार जॉब कार्डवर नोंदवून प्रत घ्या. क्लचप्लेट, चेन हे झिजणारे भाग बहुधा वॉरंटीबाहेर असतात. गिअरमधील निर्मितीदोष मात्र वॉरंटीत येतो.

दाद न मिळाल्यास १९१५ वर फोन करा. गाडी नागपुरात घेतली असली, तरी २०१९ च्या कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.