रुसलेला लॅपटॉप

उद्या प्रकल्प सादर करायचा आहे, सारा मजकूर लॅपटॉपमध्ये आहे, आणि बटण दाबले तरी यंत्र ढिम्म! अशा वेळी ‘मदरबोर्ड जळला’ असे कोणीतरी हमखास सांगते. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. भिंतीतल्या सॉकेटपासून यंत्राच्या पोटापर्यंत विजेला बराच प्रवास करावा लागतो. वाटेत ती कोठे अडली, ते आधी शोधू या.

सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहा. तो पेटला तर पाळी चार्जरची. हा 230 व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन बहुधा 19 व्होल्टच्या आसपास एकदिश वीज देतो; नेमका आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली मल्टिमीटरने तो मोजता येईल. (टाइप-सी चार्जर मात्र लॅपटॉपशी ‘बोलणी’ झाल्याखेरीज पूर्ण दाब देत नाही, त्याला ही कसोटी लावू नये.)

आता गंमत पाहा. मल्टिमीटरने बरोबर 19 व्होल्ट दाखवले, तरी चार्जर निर्दोष ठरत नाही! मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. लॅपटॉप मात्र दोन-तीन अँपिअर मागू शकतो. तेवढा भार पडताच थकलेल्या चार्जरचा दाब कोसळतो. जुन्या सेलवर भिंतीवरचे घड्याळ चालते पण टॉर्च पेटत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून त्याच व्होल्टचा, त्याच पिनचा दुसरा चार्जर लावून पाहणे हीच खरी परीक्षा.

चार्जरवर दिवा असेल तर त्याच्यावर नजर ठेवा. पिन लॅपटॉपमध्ये खोचताच तो विझला, आणि दुसऱ्या चार्जरचेही तसेच झाले, तर यंत्राच्या आत बहुधा शॉर्ट सर्किट आहे. प्रवाह बेसुमार वाढला की चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. येथे तुमचे काम संपले, पुढे कारागीर.

तसे नसेल तर चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आतल्या धारित्रांत उरलेला विद्युतभार निघून जातो आणि वीजपुरवठ्यावर देखरेख करणारी छोटी चिप नव्याने कामाला लागते. कितीदा तरी यंत्र एवढ्यानेच जागे होते.

पंखा फिरतो पण पडदा काळा? मग वीज पोचलेली आहे. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसले तर फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे.

चार्जर मात्र कधीही फोडू नका. त्यातले धारित्र सुमारे 325 व्होल्टपर्यंत भारित होते, आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसेच राहू शकते. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी बिघडली असे समजा. तिला चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. लिथियम-आयन बॅटरी पेट घेते.

आणि प्रकल्पाचा मजकूर? अनेक लॅपटॉपमध्ये तो एका वेगळ्या पट्टीवर साठवलेला असतो. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. दुरुस्तीला देताना ‘मजकूर पुसू नका’ एवढे आधी सांगा.