रहीमसाब आणि त्यांचा लेक

ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या कलबुर्गीतल्या एका रुग्णालयात एका वृद्ध गृहस्थांनी शेवटचा श्वास घेतला. वय ८२. नाव सय्यद शाहिद हकीम. हवाई दलातले निवृत्त स्क्वाड्रन लीडर, फुटबॉलपटू, प्रशिक्षक आणि आंतरराष्ट्रीय पंच. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात ते होते. बातमी वाचली तेव्हा मला त्यांच्याइतकीच त्यांच्या वडिलांची आठवण झाली.

वडील म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. अवघं फुटबॉल त्यांना ‘रहीमसाब’ म्हणत असे. ते आपल्याला परके नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा हे हैदराबाद राज्याचेच जिल्हे होते. आपल्या आजोबांची कचेरी, कोर्ट, कॉलेज सगळं हैदराबादला. तेव्हा हा मोठा माणूस आपल्याच जुन्या घरातला म्हणायला हरकत नाही.

पेशानं ते शाळामास्तर. कन्नडमध्ये ज्याला आपण आदरानं ‘मेष्ट्रु’ म्हणतो, तसे. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. या संघानं मुंबईत १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला. नुसतं चेंडू घेऊन एकट्यानं धावायचं नाही, जवळच्या गड्याला पास द्यायचा, हा त्यांचा धडा. दुबळ्या पायानंच खेळायचं अशा स्पर्धाही त्यांनी मुलांसाठी भरवल्या. डावा पाय कच्चा असेल तर तोच आधी पक्का करा, ही खास मास्तरांची रीत!

पोरांवर जीव किती, तर सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम हा गरीब घरचा पोरगा. सरावाला यायचं तर सायकलच्या भाड्याला पैसे नाहीत. रहीमसाबांनी ते स्वतः दिले. हाच बलराम पुढं मेलबर्न, रोम आणि जकार्ता तिन्हीकडे देशासाठी खेळला.

रहीमसाबांच्या हाताखाली भारतानं १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझानं यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि आपण चौथे आलो.

मग आलं १९६० चं रोम. संघात वीस-एकवीस वर्षांचा शाहिद होता आणि प्रशिक्षक त्याचा बाप. मधल्या फळीत बंगळूरचा केंपय्या आणि राम बहादूर यांच्यासारखे कसलेले गडी. हंगेरी, फ्रान्स, पेरू असे तीन सामने झाले. शाहिदला एकातही खेळायला मिळालं नाही. दोन वर्षांनी जकार्ताला सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात तर तो नव्हताच.

बापाच्या मनात त्या वेळी काय आलं असेल, ते मी सांगू शकत नाही. पण मला वाटतं, ज्या माणसानं दुसऱ्यांची पोरं स्वतःची मानली, त्याला स्वतःचं पोरही सगळ्यांतलं एक मानावंच लागलं असेल. कुटुंबावर माया असणं म्हणजे कुटुंबाला झुकतं माप देणं नव्हे.

जकार्ताची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, गोलरक्षक थंगराज तापातून उठलेला. मैदानावरचा जमाव भारताच्या विरोधात. तरी ४ सप्टेंबर १९६२ ला अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ असं हरवलं. पी. के. बॅनर्जी आणि टाके पडलेल्या जर्नेलसिंगनं गोल केले. त्यानंतर नऊच महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीमसाब कर्करोगानं गेले. वय अवघं ५३.

आणि लेक? तो रुसून घरी बसला नाही. सेनादलाच्या संघातून खेळला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पी. के. बॅनर्जींचा साहाय्यक झाला. १९८८ च्या आशिया चषकात शिट्टी वाजवली. १९९८ मध्ये मुंबईच्या महिंद्रा संघाला ड्युरँड चषक मिळवून दिला. २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. बापानं दिलेला वारसा जागेचा नव्हता, खेळाचा होता. तो लेकानं म्हातारपणापर्यंत सांभाळला.

हे सगळं लिहायचं कारण घरगुती आहे. माझा नातू उन्हाळी शिबिराला जातो. संध्याकाळी मैदानाच्या कडेला आम्ही पालक उभे असतो. कुणी म्हणतं, “सर, आमच्या बाळ्याला पुढं खेळवा की!” पलीकडून आवाज येतो, “सर, नम्म हुडुगन्न मुंद आडस्री!” भाषा दोन, मागणी एकच. ते बिचारे सर हसतात आणि ज्याची पाळी असेल त्यालाच पाठवतात. घरी जाताना आपण त्यांना नावं ठेवतो.

२०२४ मध्ये रहीमसाबांवर ‘मैदान’ हा चित्रपट आला. मुलांना तो जरूर दाखवा. आणि पुढच्या वेळी आपलं पोरगं कडेला बसलं, तर सरांवर चिडण्याआधी त्याला रोमच्या शाहिदची गोष्ट सांगा. तीन सामने कडेला बसलेला हा मुलगा पुढं जन्मभर मैदान सोडून गेला नाही.