थेरपी लावून होत नाही

“पोराले नागपूरले थेरपी लावली आता.” हे वाक्य मी मध्य प्रदेशातल्या सौंसरात ऐकते, लोधीखेड्यात ऐकते, पांढुर्ण्याच्या बसस्टँडवरही ऐकते. सांगणाऱ्या आईच्या आवाजात सुटकेचा भाव असतो, आणि तो मला कळतो. वर्ष-दीड वर्ष “बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला होता” हे ऐकण्यात गेलेलं असतं. दोन-तीन डॉक्टर बदलून झालेले असतात. शेवटी कुणीतरी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द उच्चारतं आणि सोबत नागपूरच्या एखाद्या थेरपी सेंटरचं नाव देतं. मग आठवड्यातून दोनदा सावनेरमार्गे नागपूर, पाऊण तासाचं सेशन, आणि संध्याकाळपर्यंत परत. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या वर प्रवास.

माझी अडचण त्या ‘लावली’ शब्दाशी आहे. आपण शिकवणी लावतो, दूध लावतो, पेपर लावतो. एकदा लावलं की पुढचं समोरच्याने बघायचं, आपण महिन्याचे पैसे द्यायचे. थेरपीलाही तेच क्रियापद चिकटलं आणि त्याच्यासोबत एक गैरसमज घराघरांत पक्का झाला: उपचार नागपूरला होतात, बंद दाराआड होतात, तज्ज्ञाच्या हातून होतात, घरच्यांचं काम मुलाला पोचवायचं आणि बाहेरच्या बाकावर बसायचं.

साधा हिशेब करा. लहान मूल आठवड्यात ऐंशीएक तास जागं असतं. त्यातला दीड तास सेंटरमध्ये जातो. उरलेले साडेअठ्ठ्याहत्तर तास आई, बाबा, आजी, शेजारची पोरं आणि अंगणवाडी यांच्यात जातात. दीड तासात शिकवलेलं बाकीच्या तासांत कुणी वापरूच दिलं नाही तर ते टिकणार कुठे?

ही गोष्ट सर्वच मुलांना लागू असली तरी स्वमग्न मुलांच्या बाबतीत ती फार कळीची आहे. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लागू करणं यांतल्या बऱ्याच मुलांना अवघड जातं. निळ्या टेबलाशी बसून, त्याच ताईंच्या हातातलं चित्र पाहून मूल ‘पाणी’ म्हणतं. घरी तहान लागली की माठापाशी उभं राहून रडतं. आई म्हणते, “तिथं तर बोलतो, इथं नाटक करतो.” नाटक नाही हो ते! त्याच्या मेंदूत तो शब्द त्या टेबलाशी जोडला गेला आहे. माठाशी जोडायचं काम माठापाशीच करावं लागेल, आणि माठ तुमच्या घरी आहे.

वर्तन उपचार, म्हणजे बिहेवियर थेरपी, नेमकी काय असते हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून ती जादूची खोली वाटते. तिचा गाभा तीन प्रश्नांत मावतो. आधी काय घडलं? मुलाने काय केलं? त्यानंतर त्याला काय मिळालं? समजा किराणा दुकानापुढे मूल दरवेळी जमिनीवर लोळतं. आधी: पुडे लटकताना दिसले. केलं: लोळण, किंचाळणं. मिळालं: चार लोक बघतात म्हणून पुडा हातात. मूल बिघडलेलं नाही. लोळलं की पुडा मिळतो, एवढंच ते अगदी बरोबर शिकलं आहे. आता त्याला लोळण्यापेक्षा सोपी वाट द्यायची: बोट दाखवणं, ‘दे’चा हात करणं, चित्राचं कार्ड पुढे करणं. त्या वाटेने मागितल्याबरोबर, सुरुवातीला तरी प्रत्येक वेळी, द्यायचं.

प्रत्येक लोळणं मागणीचंच असतं असंही नाही. कधी एखाद्या कामातून सुटका हवी असते, कधी कुणीतरी आपल्याकडे बघायला हवं असतं, कधी आवाज किंवा कपड्याचा स्पर्श सहन होत नसतो. तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत डफऱ्यांचा आवाज सुरू झाला की कान दाबून पळणाऱ्या मुलाला बक्षीस दाखवून थांबवणं म्हणजे त्याचं दुःख न ऐकणं. आणि जे मूल अचानक स्वतःला मारायला लागलं, त्याचे कान, दात आणि पोट आधी डॉक्टरांना दाखवा. बोलता न येणारं मूल दाढदुखी अशीच सांगतं.

हे तीन प्रश्न आठ दिवस वहीत लिहून काढायला पदवी लागत नाही. त्या वहीचा अर्थ लावून पुढची पायरी ठरवायला मात्र शिकलेला माणूस लागतो. नागपूरचा खरा उपयोग तिथे आहे.

घरात काय करायचं याचं आपल्या भागातलं उदाहरण घ्या. मोसमात सौंसरच्या घरात संत्र्यांची कमी नसते. संत्रं सोलून अख्खं ताटात ठेवलं तर मूल खाऊन निघून जातं, तुमची गरजच पडत नाही. त्याऐवजी समोर बसा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. एक फाक द्या. दुसरी हातात धरा आणि थांबा. पाच सेकंद, दहा सेकंद. त्याने हात पुढे केला, आवाज काढला, तुमच्या हाताकडे पाहिलं, यांतलं काहीही झालं तरी “दे! फाक दे!” असं त्याच्या वतीने म्हणा आणि फाक लगेच द्या. एका संत्र्यात दहाएक फाका असतात. तेवढ्या वेळा मागण्याचा सराव झाला, तोही त्याला खरंच हव्या असलेल्या वस्तूसाठी. रडवायचं नाही, अडवून ठेवायचं नाही, “माझ्या डोळ्यांत बघ” असा आग्रह धरायचा नाही. कंटाळला की थांबायचं.

“हे आम्ही अडाण्यांनी करून काय होणार?” असं विचारणाऱ्यांना गोव्याचा दाखला देते. गोव्यातली ‘संगात’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतला एक गट यांनी मिळून एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात छापून आले. दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुलं. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. एकूण १२ सत्रं. पद्धत अशी की आई किंवा बाबा मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायचा, मग कार्यकर्ता आणि पालक दोघांनी बसून तो पाहायचा: इथे त्याने तुमच्याकडे गाडी सरकवली, तुम्ही बोलत राहिलात म्हणून ते निसटलं; इथे तुम्ही थांबलात आणि त्याने पुन्हा सरकवली. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या मुलांशी तुलना केली तेव्हा या घरांत पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले होते आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त वेळा सुरू करत होती. सगळंच सुधारलं असं नाही. पालक आणि मुलाने मिळून एकाच गोष्टीवर लक्ष देण्याचा वेळ उलट कमी भरला, तेही संशोधकांनी लपवलं नाही.

ज्या ब्रिटिश पद्धतीवरून हे बेतलं, तिच्या १५२ मुलांच्या मूळ चाचणीत भाग घेतलेल्यांना सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही लक्षणांची तीव्रता तुलनेने कमी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने तर पालकांसाठीच एक प्रशिक्षणक्रम तयार केला आहे: नऊ गटसत्रं, तीन गृहभेटी, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचे पालक. जिथे तज्ज्ञ नाहीत अशी गावं समोर ठेवूनच तो आखला. म्हणजे आपली गावं.

मग दुसरीकडून आवाज येतो: “आठवड्याला चाळीस तास लागतात म्हणे, आमच्यानं कुठून होणार?” हा आकडा अमेरिकेतल्या इव्हार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातून आला. त्यात १९ मुलांना आठवड्याला चाळीस तास एकास-एक शिकवलं आणि त्यांतली ९ सामान्य पहिलीच्या वर्गात गेली. आकडा जगभर पसरला. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाली नव्हती आणि पद्धतीत मोठ्याने ओरडणं, मांडीवर चापट मारणंही होतं, हे मात्र पसरलं नाही. २०२४ साली ‘जामा पीडिअॅट्रिक्स’मध्ये शंभरावर अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; जास्त तास म्हणजे जास्त फायदा, असा पक्का संबंध त्यात सापडला नाही. तेव्हा तासांचं पॅकेज विकणाऱ्याला हा आढावा जरूर दाखवा.

चापटीवरून आठवलं. “तिथं पोराले वठणीवर आणतात” या समजुतीने मुलाला पाठवणारे घरचे आहेत आणि त्या समजुतीला जागणारी सेंटरंही आहेत. वर्तन उपचारांवर सर्वांत कडक टीका आज मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांनी केली आहे: आम्हाला हात हलवू दिले नाहीत, डोळ्यांत बघायला लावलं, इतरांसारखं दिसण्यासाठी घासून काढलं. ती टीका खरी आहे आणि चांगल्या उपचारकांनी ती ऐकली आहे. हात हलवल्याने कुणाचं काही बिघडत नसेल तर हलवू द्या. ध्येय असं ठेवा: मुलाला हवं-नको सांगता यावं, इजा टळावी, स्वतःची कामं करता यावीत.

राग मला आईवडिलांचा येत नाही. दार बंद करून “तुम्ही बाहेर थांबा, तुम्ही असलात की तो काम करत नाही” असं सांगणाऱ्यांचा येतो. पहिले चार-सहा दिवस ठीक. पण सहा महिने झाले तरी आईला माहीत नसेल की सध्या मुलाला काय शिकवताहेत आणि घरी त्याचं काय करायचं, तर फी कशाची घेतली? शिकवणाऱ्याची पुनर्वास परिषदेकडची नोंदणीही विचारा. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे आणि अपंगत्व पुनर्वसनाच्या क्षेत्रात नोंदणीविना व्यवसाय करणं हा त्यात गुन्हा आहे. विचारण्यात संकोच कसला!

आणि शक्य तिथे बाबांनीही आत बसावं. घरचा उपचार म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक घागर, असं झालं तर ती दोन महिन्यांत थकेल. संत्र्याची फाक आजोबाही धरू शकतात.

दुसरा एक सल्ला आपल्याच पट्ट्यात जास्त नुकसान करतो: “मूल गोंधळतं, घरी एकच भाषा बोला.” ती एक भाषा म्हणजे शाळेची हिंदी, नाहीतर इंग्रजी. आपलं घर मराठी, शाळा हिंदी, बाजार दोन्हींत चालतो. हा सल्ला पाळायचा म्हणून आजी गप्प होते, कारण तिला मोडकी हिंदी बोलायची लाज वाटते. मुलाशी सर्वांत जास्त बोलणारं माणूसच घरातून वजा होतं. कॅनडात ७५ स्वमग्न मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दोन भाषांत वाढणारी मुलं एका भाषेतल्या मुलांपेक्षा मागे नव्हती. नंतरच्या अभ्यासांतूनही तेच दिसलं. घरच्यांनी ज्या भाषेत लाड करता येतात, रागावता येतं, गाणं म्हणता येतं, त्याच भाषेत बोलावं. “ये न रे इकडं” हे पूर्ण वाक्य आहे आणि त्याने पोर वळून पाहिलं तर ती थेरपीच आहे.

बाकीचे गैरसमज पटकन सांगते.

“मोबाइलमुळे ऑटिझम झाला.” लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांची वर्णनं १९४३ साली लिहिली, तेव्हा मोबाइल नव्हताच. मोबाइल कमी करा, कारण तेवढा वेळ तुमच्याशी खेळण्यात जाईल. पण तो कारण नाही.

“लसीने झाला.” ज्या १९९८ च्या निबंधाने ही अफवा उठली तो १२ मुलांवरचा होता आणि ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची माहिती तपासली, संबंध निघाला नाही.

“आईने जीव लावला नाही.” हे खोटं आहे, आणि सांगणारा क्रूर आहे.

“स्टेम सेलचं इंजेक्शन देतात मोठ्या शहरात.” राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी याची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. शेत विकू नका.

“गोळी चालू केली की बोलेल.” बोलणं सुरू करणारी गोळी नाही. अतिचिडचिड, स्वतःला इजा यांसाठी काही औषधं डॉक्टर देतात, तेवढंच.

“जामसावळीला नेलं की उतरेल.” तिथल्या मारुतीरायाला नमस्कार जरूर करा. तिथून परत आल्यावर संत्र्याची फाकही धरा.

“सर्टिफिकेट काढलं की शिक्का बसतो.” २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता २१ अपंगत्वांत मोजली आहे. प्रमाणपत्राशिवाय शाळेतल्या सवलती मिळत नाहीत आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्याची दारंही उघडत नाहीत. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही येतो. उपचार महाराष्ट्रात घेत असलात तरी कागद आपल्या मध्य प्रदेशातून करता येतात. तयार झालेलं अपंगत्वाचं ओळखपत्र देशभर चालतं.

“सरकारी काही नसतंच.” राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं, आणि तपासायच्या ३० बाबींमध्ये विकासातला उशीर आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. बरेच जण नेमके ठेवतात, कारण तो रडेल आणि लोक बघतील. तपासणीत काही आढळलं की त्यांनी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असतं. चिठ्ठी मागून घ्या.

“पाच वर्षांचा झाला, आता काय उपयोग.” लवकर सुरुवात चांगली, यात वाद नाही. पण चौदा वर्षांच्या मुलासाठी फक्त ध्येयं बदलतात. त्याला ‘क’ला काना शिकवत बसायची गरज नाही. अंघोळीचं पाणी स्वतः काढणं, बंद खोलीत कपडे बदलणं, वीस रुपयांची नोट देऊन साबण आणि उरलेले पैसे घेऊन येणं, बाजारातला रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडणं, हे सगळं तशाच लहान पायऱ्यांनी शिकवता येतं. पहिला महिनाभर तुम्ही सोबत जा. पुढचा महिना दहा पावलं मागे राहा. दुकानदाराला आधी सांगून ठेवा की हा काही बोलणार नाही, कार्ड दाखवेल, घाई करू नका.