कॅथोलिक संतांचे सण : एका आठवड्याची दिनदर्शिका

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत बहुतेक दिवसांपुढे कोणा ना कोणा संताचे नाव असते. एकाच तारखेवर दोन नावे आली, तर मान कोणाचा? त्यासाठी नियम ठरलेले आहेत. २ ते ८ फेब्रुवारी २०२५ हा एकच आठवडा घेऊन ते समजून घेऊ.

तारीख कशी ठरते?

संताचा दिवस साधारणपणे त्याच्या मृत्यूच्या तारखेला पाळतात, कारण मृत्यू हा त्याचा स्वर्गातील जन्म मानला जातो. तुकाराम बीज किंवा एकनाथ षष्ठी यांमागेही प्रयाणाचाच दिवस आहे. फरक इतकाच, की तिथी चंद्रावर चालते आणि संतांचे दिवस इंग्रजी तारखेवर. येशू, मरिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान यांचे मात्र जन्मदिवसही साजरे होतात.

दर्जा कसा ठरतो?

दिवसांचे चार दर्जे आहेत : महासण, सण, स्मृतिदिन आणि ऐच्छिक स्मृतिदिन. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने स्मृतिदिन रविवारी आल्यास त्या वर्षी तो गळतो. महासण किंवा प्रभू येशूचा सण असेल, तर तो वर्षाच्या सामान्य काळातील रविवारची जागा घेतो. जबलपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावे आहे, त्या संत पेत्र व संत पौल यांचा महासण २९ जूनला असतो. २०२५ मध्ये त्या दिवशी रविवार होता, तरी महासणच पाळला गेला.

आठवडा पाहू

- रविवार, २ : येशूचे मंदिरातील समर्पण. नाताळनंतर चाळीस दिवसांनी येणारा हा सण प्रभूचा, म्हणून रविवारीही तोच.
- सोमवार, ३ : संत ब्लेझ, ऐच्छिक. या दिवशी दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात.
- मंगळवार, ४ : संत जॉन डी ब्रिटो. तमिळनाडूतील ओरियूर येथे १६९३ मध्ये याच तारखेला त्यांचा शिरच्छेद झाला. भारतात हा दिवस विशेष.
- बुधवार, ५ : सिसिलीची हुतात्मा संत आगाथा.
- गुरुवार, ६ : संत गोन्सालो गार्सिया, पॉल मिकी आणि सोबती.
- शुक्रवार, ७ : जागतिक यादीत कोणाचे नाव नाही.
- शनिवार, ८ : संत जोसेफिन बखिता, ऐच्छिक. सुदानमध्ये गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या बखिता १९४७ मध्ये याच तारखेला वारल्या. शनिवारी मरियेचे स्मरण करण्याचीही मुभा असते.

वसईचा संत एक दिवस पुढे का?

वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना पंचवीस सोबत्यांसह नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. म्हणजे नियमाने त्यांचा दिवस ५ तारखेचा. पण ती तारीख प्राचीन काळापासून आगाथेची. म्हणून १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेत नागासाकीच्या हुतात्म्यांना ६ तारीख मिळाली.

तिथेही एक गोष्ट लक्षात घ्यावी. जागतिक यादीत या दिवसाचे नाव 'पॉल मिकी आणि सोबती' असे आहे. त्या 'सोबती' शब्दात वसईचा माणूस दडून जातो. भारतातील ख्रिस्तसभा त्याचे नाव वेगळे घेते. देशाला, धर्मप्रांताला आणि एखाद्या चर्चलाही स्वतःची पुरवणी यादी ठेवता येते, ती याचसाठी. जगभर एकच पंचांग असावे आणि गावाने आपला माणूसही विसरू नये, या दोन गरजांचा मेळ या रचनेत घातलेला दिसतो.

स्वाध्याय

१. २०२२ मध्ये ६ फेब्रुवारीला रविवार होता. जागतिक यादीप्रमाणे त्या दिवशी काय पाळले गेले असेल? कारण द्या.
२. एखाद्या गावाच्या पालक संताचा दिवस त्या गावापुरता महासण मानतात. तोच दिवस सामान्य काळातील रविवारी आल्यास त्या गावी काय होईल?