लेकीचं लाडाचं नाव कागदावर घालावं का?

घरात मुलगी जन्माला आली की कानात अजान होते, तोंडात खजुराचा चोथा लागतो आणि लगेच नावावरून घर दोन तटांत वाटलं जातं. दादीला ‘फातिमा’ हवं असतं. आई-बापाला काहीतरी छोटं, गोड, हाक मारायला सोपं हवं असतं: हूर, जिया, परी, माही. तोवर मामा-खाला ‘गुड्डी’ म्हणायला लागलेले असतात आणि तेच चिकटतं. मग प्रश्न येतो, की जे नाव सगळे घेतात तेच दाखल्यावर घातलं तर काय बिघडलं? दीनच्या दृष्टीने ते चालतं का? आणि पुढे मुलीला त्याचा त्रास होईल का? दोन्ही बाजू समजून घेऊ.

लाडाचं नाव आपल्या परंपरेतलंच आहे

पहिली गोष्ट, छोटं किंवा लाडाचं नाव म्हणजे काही नवं फॅड नाही. प्रेषित मुहम्मद (स.) हजरत आयेशा (रजि.) यांना ‘आइश’ अशी आखूड हाक मारत, हे बुखारीच्या हदीसमध्ये आहे. आपण आयेशाची ‘आशू’ करतो, तसंच हे. त्यांना ‘हुमैरा’ म्हणत असल्याचंही रिवायतींत येतं. हुमैरा म्हणजे लालसर गोऱ्या रंगाची छोटी. आज हेच टोपणनाव हजारो मुलींचं खरं नाव आहे.

अरबीत लाडाने नाव लहान करायची एक ठरलेली घडण आहे. मराठीत सोन्याची ‘सोनुली’ होते, तशी अरबीत ‘हमरा’ची ‘हुमैरा’ होते, ‘जारिया’ची ‘जुवैरिया’ होते, म्हणजे लहानगी मुलगी. ‘उमैमा’ म्हणजे छोटीशी आई. आपल्या घरात मुलीला लाडाने ‘अम्मा’ म्हणतात, त्याचंच हे अरबी रूप समजा. हजरत हुसैन (रजि.) यांच्या मुलीला आपण ‘सकीना’ किंवा ‘सुकैना’ म्हणून ओळखतो. इतिहासकारांच्या मते हेही लाडाचंच नाव होतं, मूळ नाव वेगळं होतं.

काही नावं पदवीतून आली. ‘जहरा’ आणि ‘बतूल’ या हजरत फातिमा (रजि.) यांच्या उपाध्या, ‘ताहिरा’ ही हजरत खदीजा (रजि.) यांची, ‘सिद्दीका’ ही हजरत आयेशांची. मुलगी लहान असल्यापासून ही नावं घेता येतात, मोठेपणीही शोभतात. म्हणजे लाडाचं आणि वजनाचं, दोन्ही एकाच नावात मिळू शकतं.

मग अट कोणती?

अट एकच मोठी आहे: अर्थ. नाव अरबीच पाहिजे असा हुकूम नाही. ‘परवीन’, ‘नाज’, ‘गुलनार’ ही फारसी नावं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ‘जोया’ हे मूळ ग्रीक, अर्थ जीवन. अर्थ चांगला, अकीद्याला धक्का लावणारा नाही, तर हरकत कसली? पण अर्थ वाईट असेल तर प्रेषितांनी (स.) स्वतः नावं बदलली आहेत. ‘आसिया’ म्हणजे आज्ञा मोडणारी, हे नाव असलेल्या एका महिलेचं नाव त्यांनी ‘जमीला’ ठेवलं. (फिरऔनच्या नेक बीबीचं नावही आपण ‘आसिया’च लिहितो, पण अरबीत त्याची अक्षरं वेगळी आहेत. ते नाव निश्चिंत ठेवा.) ‘बर्रा’ म्हणजे अतिशय पुण्यवान. असं नाव म्हणजे स्वतःच स्वतःची तारीफ, म्हणून त्या जागी ‘जैनब’ आलं.

कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधल्या 11व्या आयतीत एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास मनाई आहे. हे घरातही लागू आहे. ‘काळी’, ‘ठेंगू’, ‘नकटी’ अशी नावं आपण हसत ठेवतो, मुलगी मात्र ती आयुष्यभर सोसते. लाडाचं नाव ते, जे ऐकून मुलीचा चेहरा खुलतो.

आणखी एक सावधगिरी: मोबाईलवर मिळणाऱ्या नावांच्या याद्या. तिथे प्रत्येक नावाचा अर्थ ‘जन्नतचं फूल’ नाहीतर ‘अल्लाहची देणगी’ लिहिलेला असतो. नाव पसंत पडलं की अरबी किंवा उर्दू अक्षरांत लिहून घ्या आणि जवळच्या आलिमांना किंवा उर्दूच्या शिक्षकांना दाखवा. ऐन आणि अलिफच्या फरकाने अर्थ उलटा होतो, हे वर ‘आसिया’त दिसलंच.

कागदाची बाजू

आता दुसरी बाजू, जिच्याकडे आपलं जास्त दुर्लक्ष होतं. गावोगावच्या जुन्या मतदारयाद्या काढून बघा. छोटीबी, मुन्नीबी, बेबीजान. यातल्या किती जणींचं निकाहनाम्यावरचं नाव वेगळं आहे? रेशनकार्डावर तिसरंच असतं. ती बाई साठीला उमराहला निघते, पासपोर्टला कागद जोडायला बसते, तेव्हा ‘मुन्नी’ आणि ‘मेहरुन्निसा’ एकच आहेत हे सिद्ध करत तिला दारोदार फिरावं लागतं. वारसाहक्काची नोंद, विधवा पेन्शन, बँकेचं खातं, सगळीकडे तीच रड.

यापुढे तर जन्मदाखल्याचं वजन आणखी वाढलं आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो.

म्हणून हे लक्षात ठेवा:

जन्माची खबर 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत नोंदवायची असते. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नावाशिवाय नोंद होते. नाव नंतर 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण तेवढं थांबू नये. सुन्नतप्रमाणे सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवलं तर सगळं मुदतीत बसतं. पहिल्या दिवशी ठेवलं तरी चालतं. प्रेषितांनी (स.) आपल्या मुलाचं, इब्राहीमचं नाव जन्माच्या रात्रीच ठेवलं होतं.

घाईत दवाखान्याच्या फॉर्मवर ‘बेबी’ किंवा ‘गुड्डी’ लिहू नका. एकदा नोंदलेलं नाव बदलणं सोपं नाही. चूक दुरुस्त होते, मन बदललं म्हणून नाव बदलत नाही. मोठेपणी राजपत्रात नाव बदलून घेता येतं, पण तोवर दहावीपर्यंतचे सगळे कागद जुन्या नावाचे झालेले असतात.

मराठी आणि इंग्रजी, दोन्ही स्पेलिंगं घरी कागदावर लिहून ठरवा. जैनब, झैनब, जैनाब. तीन कागदांवर तीन असं होऊ देऊ नका. ठरलेलं तेच शाळेत, तेच आधारवर.

आमचं म्हणणं

छोटं नाव ठेवा, गोड नाव ठेवा, जरूर ठेवा. फक्त एक कसोटी लावा. हे नाव पाळण्यातल्या बाळाला शोभतं, पण तीस वर्षांनी डॉक्टरच्या पाटीवर, वर्गासमोर उभ्या शिक्षिकेला, निकाहच्या मजलिसीत मोठ्याने घेतल्यावर शोभेल का? ‘हुमैरा’, ‘सना’, ‘सुमय्या’ या कसोटीला उतरतात. सुमय्या (रजि.) तर इस्लाममधल्या पहिल्या शहीद. ‘पिंकी’ उतरत नाही. तिला घरातच राहू द्या, तिथे ती सुखात आहे.

आणि नावावरून भांडण पेटलंच, तर दादीचं ‘फातिमा’ दाखल्यावर जाऊ द्या आणि आईचं ‘परी’ उंबऱ्याच्या आत. लेकीला दोन्ही मिळतील. अल्लाह आपल्या लेकींना चांगल्या नावासोबत चांगलं नशीब देवो. आमीन.