कोरडी सुई आणि शिकलेला हात



आमच्या कोल्हापुरांत तालमींची परंपरा मोठी; त्यामुळें स्नायूंत धरलेली गाठ म्हणजे काय, हें येथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. ती गाठ मोकळी करण्याचें मालिशवाल्याच्या अंगठ्याचें काम आतां कांहीं भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजेच फिजिओथेरपिस्ट, केसासारख्या बारीक सुईनें करूं लागले आहेत. या उपचारास ‘ड्राय नीडलिंग’ म्हणतात. सुईंतून औषध जात नाहीं, म्हणून ती कोरडी. स्नायूंत औषध टोंचल्यावर वेदना शमते, तिचें श्रेय पुष्कळदां सुईसच असतें, असें कारेल लेविट या चेक वैद्यानें १९७९ सालीं मांडलें.

ही सुई धरण्यास शिक्षण किती लागतें? भौतिकोपचाराची शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५३ सालीं निघाली. पुढें २००२ च्या महाराष्ट्र कायद्यांत या व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद झाली. आज काम करणारे बहुतेक पदवीधर चार वर्षांचें अध्ययन व सहा महिन्यांची उमेदवारी करून आलेले आहेत. पदवीमुळें कातडीखालीं काय आहे, याचें ज्ञान होतें. सुई चालविण्याची कला मात्र बहुधा पदवीनंतर, थोड्या दिवसांच्या निराळ्या वर्गांत शिकावी लागते. अमेरिकेंतील मेरिलँड राज्यानें या शिक्षणास किमान ८० तास ठरविले. त्यांतील ४० तास प्रत्यक्ष हातानें शिकण्याचे.

इतकी कडक अट कशासाठीं? मान व खांदा जेथें मिळतात, तेथें फुप्फुसाचा शेंडा फारसा खोल नसतो. सुई चुकीच्या दिशेनें खोल गेली, तर छातींत हवा शिरून फुप्फुस मिटतें. असें क्वचित् घडतें, पण घडलेलें आहे. स्नायु चिमटींत उचलून सुई फुप्फुसापासून दूर कशी वळवावी, हें चित्रें पाहून येत नाहीं. अक्षर गिरवितांना मुलाचा हात धरावा लागतो, हें मीं वर्गांत जन्मभर पाहिलें. येथेंही तसेंच आहे.

म्हणून उपचारापूर्वीं संकोच न धरतां विचारावें: आपली नोंदणी आहे काय? सुईचें शिक्षण कोठें व किती तास घेतलें? सुई नवी, निर्जंतुक आहे काय? उपचारानंतर छातींत कळ आली अथवा दम लागला, तर तडक रुग्णालय गांठावें. ज्याचा हात शिकलेला आहे, तो अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं.