साचा एकाचा, माती दुसऱ्याची

पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखली जातात. तेथील मूर्तीला रूप साच्यातून मिळते आणि पोत मातीतून. म्हणून शाडू असो वा प्लास्टर, साचा तोच असेल तर रूपही तेच राहते. संगणकावर दोन ध्वनींचा संकर घडवण्यामागेही हेच तत्त्व असून, त्यात एका ध्वनीचा आकार दुसऱ्या ध्वनीच्या द्रव्यावर उमटवला जातो. आरतीचा स्वर आणि टाळांचा नाद नुसते एकत्र केले तर कानाला दोन्ही वेगवेगळे ओळखू येतात. संकरात मात्र टाळच आरती म्हणू लागतात.

कोणताही नाद अनेक साध्या कंपनांच्या बेरजेतून मांडता येतो, हा विचार फ्रेंच गणिती फूरिए यांच्या 1822 सालच्या उष्णताविषयक ग्रंथातून रुजला, आणि 1965 मध्ये कूली व टुकी यांनी ही आकडेमोड झपाट्याने करण्याची रीत मांडल्यावर ती संगणकाच्या आवाक्यात आली. सेकंदाला 44,100 नमुने या वेगाने ध्वनिमुद्रण केले असेल, तर त्यातील 1,024 नमुन्यांचा, म्हणजे सुमारे 23 सहस्रांश सेकंदांचा तुकडा घेऊन त्यातील प्रत्येक कंपनपट्ट्यात किती जोर आहे ते मोजले जाते. या मोजमापाच्या आलेखाला वर्णपट म्हणतात आणि त्याच्या चढउतारांच्या ढोबळ बाह्यरेषेला आवरण. ‘आ’ आणि ‘ई’ एकाच पट्टीत गायले तरी वेगळे ऐकू येतात, ते मुख्यतः या आवरणातील फरकामुळे.

संकर करताना आरतीच्या आवरणाने टाळांच्या वर्णपटाला तुकड्यागणिक, पट्ट्यागणिक गुणले जाते आणि मिळालेल्या तुकड्यांची टोके एकमेकांवर सरकवून ते पुन्हा सांधले जातात. हा गुणाकार असल्यामुळे जेथे द्रव्यच नाही तेथे आकारही उमटत नाही. टाळांचा नाद विस्तीर्ण पट्ट्यांत पसरलेला असल्याने शब्द स्पष्ट होतात, तर बासरीत मोजकेच उपस्वर ठळक असल्याने ते पुसट राहतात. तुकड्याच्या लांबीचाही असाच पेच आहे. तो लांब घेतला तर खर्जातील स्वर नीट वेगळे होतात, पण ताशाच्या काठीचा आघात फिसकटतो, आणि आखूड घेतला तर याच्या उलट घडते.

या कल्पनेची मुळे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी 1930च्या दशकात रचलेल्या व्होकोडर या यंत्रात आहेत, आणि आज ‘सीसाउंड’सारख्या मोफत ध्वनिभाषेत त्यासाठी तयार आज्ञा मिळतात. आवाज मिसळण्याच्या याच परंपरेत ‘फारिनेल्ली’ (1994) या चित्रपटासाठी पॅरिसच्या इर्काम संस्थेत एक पुरुष आणि एक स्त्री गायक यांचे आवाज संगणकावर एकजीव करून अठराव्या शतकातील गायकाचा लुप्त आवाज कल्पिला गेला.

आज्ञा तयार असली तरी साचा कोणाचा आणि माती कोणाची हे ठरवण्याचे काम संगीताच्या जाणत्या कानाचेच आहे. त्यासाठी गणेशोत्सवात जोहे परिसरात घुमणारे टाळ, मृदंग आणि ताशा आधी शांत जागी, एकेक करून मुद्रित व्हायला हवेत, कारण ध्वनिमुद्रणात एकदा मिसळलेले नाद निखळपणे वेगळे करणे फार कठीण असते आणि चांगल्या संकराची सुरुवात दोन निखळ नादांपासूनच होते.